गळ्यात बसणारं गाणं

वेड पांघरून पेडगावला जाण्याची म्हण आपण श्रीगोंद्याच्या पेडगावाशी जोडतो. मी ज्या पेडगावाविषयी बोलणार आहे ते परभणीजवळचं. काळ्या रानातलं, कापूस आणि ज्वारीचं, मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर छोटंसं स्थानक असलेलं. हिंदी सिनेमाच्या इतिहासात या गावाचं नाव कुठंही येत नाही. तरीही हिंदी प्रेमपटाच्या गाण्यांचा विचार मुंबईच्या स्टुडिओपासून सुरू न करता अशा गावापासून सुरू करावा, असं माझं म्हणणं आहे. गाणं कुठं आणि कुणी तयार केलं हे कळलं की त्याचं निम्मंच मोल कळतं. ते कुणाच्या गळ्यात जाऊन बसलं आणि तिथं बसल्यावर त्या माणसाच्या कोणत्या कामी आलं, हे पाहिल्याशिवाय उरलेलं मोल हाती लागत नाही.

यासाठी मी 'मैंने प्यार किया' या चित्रपटाची गाणी घेतो. ही गाणी ज्या माणसानं रचली तो नागपूरचा मराठी माणूस, विजय पाटील. सगळे त्याला रामलक्ष्मण या नावानं ओळखतात. माझा मुद्दा सरळ आहे. सामान्य माणसाला गाता येईल असं गाणं रचणं ही अवघड आणि थोर कला आहे, आणि आपल्या संगीतविचारानं या कलेला कधीच तिचा मान दिलेला नाही. आपण गाणं तोलतो ते रागदारीच्या, काव्याच्या किंवा गायकाच्या तयारीच्या मापानं. ऐकणाऱ्याच्या गळ्याचं माप आपण वापरतच नाही. ते वापरलं तर रामलक्ष्मण यांच्यासारख्या संगीतकाराची जागा पुष्कळ वर सरकेल, आणि त्यांच्या कामातलं जे खरोखर खटकणारं आहे तेही अधिक नेमकं दिसू लागेल.

हा चित्रपट 29 डिसेंबर 1989 रोजी प्रदर्शित झाला. राजश्री प्रॉडक्शन्स ही ताराचंद बडजात्यांनी 1947 मध्ये उभी केलेली संस्था. त्यांचे नातू सूरज बडजात्या यांचं हे पहिलं दिग्दर्शन. चित्रपट हिंदी असला तरी त्यात मराठी माणसं बरीच होती. नायिका भाग्यश्री सांगलीच्या पटवर्धन घराण्यातली. नायकाच्या आईच्या भूमिकेत रीमा लागू, नायकाच्या घरातला विनोदी सोबती म्हणून लक्ष्मीकांत बेर्डे. मोहनीश बहल हा नूतनचा मुलगा आणि शोभना समर्थांचा नातू. गाणाऱ्यांत लता मंगेशकर होत्या आणि त्यांनी तेव्हा नुकतीच साठी गाठली होती. त्यांच्या जोडीला एस. पी. बालसुब्रह्मण्यम. गीतं मुख्यतः असद भोपाली आणि देव कोहली यांची. फिल्मफेअरच्या पुरस्कारांत रामलक्ष्मण यांना संगीताचा, असद भोपालींना 'दिल दीवाना'च्या गीताचा आणि बालसुब्रह्मण्यम यांना त्याच गाण्यासाठी गायनाचा पुरस्कार मिळाला. असद भोपाली चित्रपट आल्यानंतर थोड्याच महिन्यांत, जून 1990 मध्ये, वारले. 1980च्या दशकात सर्वाधिक खपलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या संचांत या गाण्यांची गणना होते.

हा खप शक्य झाला तो कॅसेटमुळे. तोवर ग्रामोफोनच्या तबकड्या विकत घेणं ही शहरातल्या सुस्थित घरांची चैन होती. खेड्यात गाणं यायचं ते रेडिओवरून, म्हणजे दुसऱ्या कुणीतरी निवडून, त्यानं ठरवलेल्या वेळी. 1983 मध्ये गुलशन कुमारांनी टी-सीरिज काढली, पाठोपाठ इतर छोट्यामोठ्या कंपन्या आल्या आणि काही वर्षांत कॅसेट इतकी स्वस्त झाली की ती किराणा दुकानात आणि बसस्थानकावरच्या टपरीवरही मिळू लागली. ज्यांना कंपनीची कॅसेट परवडत नसे ते कोऱ्या कॅसेटमध्ये गाणी भरून आणत. कुठलं गाणं, किती वेळा आणि कुणासोबत ऐकायचं, हे ठरवण्याचा अधिकार पेडगावसारख्या गावातल्या माणसाला पहिल्यांदा मिळाला तो या यंत्रामुळे. संगीताच्या इतिहासात या घटनेचं महत्त्व छापखान्याहून कमी मानण्याचं कारण नाही.

आणखी एक गोष्ट कॅसेटनं केली. तिनं चित्रपटाची गाणी चित्रपटापासून सोडवली. कॅसेट साधारणपणे चित्रपटाच्या आधी बाजारात येई. चित्रपट मात्र आधी मोठ्या शहरांत, मग जिल्ह्याच्या गावी, मग कधीतरी फिरत्या तंबूत किंवा भाड्यानं आणलेल्या व्हिडिओवर. त्यामुळे खेड्यातला श्रोता गाणी ऐकून मनातल्या मनात एक गोष्ट रचत असे. ए बाजू संपली की कॅसेट उलटायची, बी बाजू लावायची. गाणी ठरलेल्या क्रमानं येत, आवडतं गाणं येईपर्यंत नावडतंही ऐकावं लागे, आणि पुष्कळदा नावडतंच हळूहळू आवडू लागे. एका संगीतकारानं, एका कथेच्या आधारानं रचलेली ही गाणी एक सबंध कृती म्हणून ऐकली जात. या अर्थानं चित्रपटाचा गीतसंच ही स्वतंत्र कलाकृती आहे आणि तिचे सर्वांत एकनिष्ठ रसिक, ज्यांना चित्रपट उशिरा दिसला किंवा दिसलाच नाही, असे लोक होते.

आता रामलक्ष्मण यांच्याकडे वळू. विजय पाटील यांचा जन्म 1942चा. संगीत त्यांना घरातूनच मिळालं. अकॉर्डियन आणि पियानो ही त्यांची वाद्यं. मित्र सुरेंद्र यांच्यासोबत त्यांनी जोडी जमवली आणि दादा कोंडक्यांनी त्यांना 'पांडू हवालदार' (1975) दिला. जोडीचं नाव राम-लक्ष्मण. पुढे 'राम राम गंगाराम'सारख्या चित्रपटांतही दादांनी रामलक्ष्मण यांचंच संगीत घेतलं. राजश्रीचा 'एजंट विनोद' हाती आला त्याच सुमाराला, 1976 मध्ये, सुरेंद्र म्हणजे जोडीतले राम वारले. विजय पाटलांनी नाव बदललं नाही. पुढची सगळी कारकीर्द त्यांनी एकट्यानं केली, पण गेलेल्या सोबत्याचं नाव स्वतःच्या नावाआधी ठेवून. 1981 मधल्या 'हमसे बढ़कर कौन' या चित्रपटातलं त्यांचं गणपतीचं गाणं आजही महाराष्ट्रातल्या मांडवांत दरवर्षी वाजतं. ते कुणी रचलं हे मात्र वाजवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. 22 मे 2021 रोजी नागपुरात त्यांचं निधन झालं.

दादा कोंडक्यांच्या चित्रपटांत संगीतकार म्हणून वाढणं हे मोठं शिक्षण होतं. तिथला प्रेक्षक तमाशा, भारूड आणि वगनाट्य पाहून तयार झालेला. त्याला गाणं पहिल्या ऐकण्यात कळलं पाहिजे, दुसऱ्या ऐकण्यात त्याच्या तोंडात आलं पाहिजे आणि ठेका असा हवा की हात आपोआप चालावेत. हे पथ्य सांभाळायचं तर संगीतकाराला स्वतःची हुशारी आवरावी लागते. चालीत एक वळण जास्त घेण्याचा मोह टाळावा लागतो. रामलक्ष्मण ही शिस्त मराठी ग्रामीण चित्रपटातून शिकले आणि तीच त्यांनी हिंदी प्रेमपटात नेली, असं मला त्यांची गाणी ऐकताना स्पष्ट जाणवतं.

'मैंने प्यार किया'ची गाणी या दृष्टीनं ऐकून पाहा. मुखडे आखूड आहेत. एकच शब्द किंवा एकच स्वरसमूह पुन्हा पुन्हा येतो आणि कानाला पुढचा स्वर कुठं पडणार हे आधीच कळतं. 'कबूतर जा जा'मध्ये तर एका लहानशा क्रियापदाची पुनरुक्ती हाच चालीचा प्राण आहे. लहान मूलही ते गाणं अर्थ न कळता गातं. 'आजा शाम होने आयी'मध्ये बोलण्याचीच लय गाण्याला दिली आहे, त्यामुळे ज्याला गाणं येत नाही त्यालाही ते नुसतं म्हणता येतं. बालसुब्रह्मण्यम यांच्या आवाजाची निवड इथं फार मोलाची ठरली. तेलुगू वळणाचा, भरघोस श्वासाचा, किंचित हसरा असा तो आवाज 'एक दूजे के लिए' (1981) या चित्रपटापासून हिंदीला माहीत होता, पण या गाण्यांमुळे तो तरुण नायकाचा आवाज ठरला. त्यात हुकमत कमी आणि मैत्री अधिक होती. मराठवाड्यातल्या माणसाचा हिंदी उच्चारही उत्तरेच्या मापाचा नसतो. निजामाच्या राज्यातून आलेल्या दखनी बोलीचं वळण त्याला असतं. दक्षिणेकडून आलेला हा आवाज त्याला परका वाटला नसेल तर नवल नाही.

संचात शारदा सिन्हा यांच्या आवाजातलं 'कहे तोसे सजना' आहे. बिहारच्या लोकगायनाचा तो आवाज ऐन प्रेमपटात आणून बसवणं हे धाडसाचं होतं. गुळगुळीत वाद्यमेळात मधेच मातीचा कणखर सूर लागतो आणि नायिकेचा वियोग एकदम हजारो घरांतल्या बायकांचा होतो. दुसरीकडे अंताक्षरी आहे. जुन्या चित्रपटगीतांचे तुकडे गुंफलेला तो दीर्घ खेळ पाहून असं वाटतं की संगीतकार आपल्याआधीच्या सगळ्या संगीतकारांना मैफलीत बोलावतो आहे. सहलीत, लग्नघरात आणि एसटीच्या प्रवासात लोक आधीपासूनच हा खेळ खेळत. चित्रपटानं तो खेळ त्यांनाच परत करून त्यांना मान दिला. चार वर्षांनी, 1993 मध्ये, दूरचित्रवाणीवर अंताक्षरीचा कार्यक्रम सुरू झाला आणि देशभर लोकप्रिय झाला. ऐकणाऱ्यानं गप्प बसून ऐकावं अशी या संचाची अपेक्षाच नव्हती. त्यानं सोबत गावं, अशी होती.

यावरचा पहिला आक्षेप उसनवारीचा आहे आणि तो खरा आहे. 'आते जाते हँसते गाते'ची चाल स्टीव्ही वंडर यांच्या 1984 मधल्या जगप्रसिद्ध गाण्यावरून घेतलेली आहे. 'मेरे रंग में रंगनेवाली'च्या सुरुवातीचा वाद्यमेळ युरोप या स्वीडिश बँडच्या 1986 मधल्या गाण्याचा आहे. मूळ रचनाकाराचा उल्लेख न करता चाल घेणं चूक आहे आणि ती त्या काळाची रीत होती असं म्हणून ती झाकता येत नाही. ज्या संगीतकाराचं स्वतःचं गणपतीचं गाणं गावोगाव त्याच्या नावाशिवाय वाजतं, त्याच्या संदर्भात तर श्रेयाचा प्रश्न अधिकच टोचतो. पण या आक्षेपाचा आधार घेऊन संपूर्ण संच रद्द करणारी टीका आळशी आहे. संचातली बहुतेक गाणी या उसनवारीच्या बाहेरची आहेत, आणि लोकांच्या तोंडी राहिली ती मुख्यतः तीच.

दुसरा आक्षेप सोपेपणाचा. ही गाणी गोड आहेत, सरळ आहेत, त्यांत खोली नाही, असं अभिरुचीसंपन्न लोक म्हणत आले. इथं मात्र मी ठाम विरोध करतो. परभणी जिल्ह्यातच गंगाखेड आहे, संत जनाबाईंचं गाव. जनाबाईंचं नाव घेतलं की दळण-कांडण आठवतं, कारण जात्यावर बसलेल्या बायकांनी शतकानुशतकं तिला आपल्या ओवीत बोलावलं. त्या ओवीची चाल साधी होती. थकलेल्या शरीराला, पहाटेच्या अंधारात, दुसरीच्या सुरात सूर मिळवून गाता आली पाहिजे म्हणून ती साधी होती. त्या साधेपणात किती मोठं मन मावलं हे हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांनी दाखवून दिलं आहे. याच जिल्ह्यानं राजारामबापू कदम यांच्यासारखा गोंधळी दिला. गोंधळाच्या रात्री संबळ-तुणतुण्याच्या साथीला पालुपद झेलणारा जमाव गायकाइतकाच महत्त्वाचा असतो. भजनात टाळकरी धृपद धरतात तेव्हाच अभंग उभा राहतो. आपल्या मुलुखात गाण्याची कसोटी हीच होती की दहा माणसांना ते धरता येतं की नाही. या कसोटीवर उतरणाऱ्या गाण्याला उथळ म्हणायचं असेल तर आधी ओवीला आणि धृपदालाही तसं म्हणण्याची तयारी ठेवावी लागेल.

इतिहासाचा क्रमही लक्षात घ्यावा. गावात पिठाची गिरणी आली आणि जातं थांबलं. बायकांच्या पाठीचा मोठा भार उतरला. गिरणी यायलाच हवी होती. पण जात्यासोबत रोज पहाटे गाण्याची वेळही गेली. मोटेवरची गाणी इंजिन आल्यावर संपली. गाणं कामाला जोडलेलं होतं आणि काम यंत्राकडे गेलं, तेव्हा गळा रिकामा राहिला. 1980च्या दशकात कॅसेट आली ती या रिकाम्या जागेत. यंत्रातून येणारं गाणं माणसाला कायमचा श्रोता करून टाकण्याचा धोका तेव्हा होताच. तो धोका ज्या गाण्यांनी काही काळ थोपवला, त्यांत ही गाणी होती. कापूस वेचणाऱ्या बायका, शाळेच्या स्नेहसंमेलनातली पोरं, लग्नातला बँड, सगळ्यांना ती उचलता आली. बँडवाल्यांना क्लॅरिनेटवर चटकन बसवता येणारी चाल हाही त्या काळी गाण्याच्या आयुष्याचा मोठा आधार होता.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे, आणि तो गाण्याच्या सुरांपेक्षा त्यांतून सांगितलेल्या प्रेमाविषयी आहे. चित्रपटाची कथा श्रीमंत मुलगा आणि गरीब मुलगी यांची. मुलीचे वडील अट घालतात की मुलानं स्वतःच्या कष्टानं महिन्याला 2000 रुपये कमावून दाखवावेत. मग तो मुलगा दगडाच्या खाणीत राबतो, ट्रक चालवतो आणि घामाचे पैसे आणून देतो. राबणाऱ्या माणसांच्या गावात ही अट भिडणं स्वाभाविक होतं. प्रेमाची लायकी मजुरीनं सिद्ध करायला लावणारा तो बाप त्यांना आपला वाटला असणार. पण या कथेत माणसाला गरीब किंवा श्रीमंत इतकीच ओळख आहे. जात नावाची गोष्ट तिच्या जगात अस्तित्वातच नाही. आणि मराठवाड्यात त्या वर्षांत जातीखेरीज दुसरं काही बोललं जात नव्हतं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव 1978 मध्ये झाला, त्यावरून दलित वस्त्या जाळल्या गेल्या, आणि नामविस्तार होण्यासाठी 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला. 'मैंने प्यार किया' या सोळा वर्षांच्या मधोमध नव्हे तरी त्यांच्या आतच घडलेला चित्रपट आहे.

जशा टेपरेकॉर्डरवर 'दिल दीवाना' वाजत होतं तशाच टेपरेकॉर्डरवर, गावाच्या दुसऱ्या टोकाला, भीमगीतं वाजत होती. वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांचा वारसा कॅसेटनंच वस्तीवस्तीत नेला. यंत्र तेच आणि गाणारा समूह तितकाच मोठा. भीमगीत माणसाला त्याच्या जगण्याचं नाव घेऊन हाक मारत होतं. प्रेमपटाचं गाणं त्याला त्या नावापासून तासभर सुट्टी देत होतं. दोन्हींची गरज होती, असं मी मानतो. घरात ज्या भावनेचा उच्चारही करता येत नव्हता तिला या गाण्यांनी उच्चार दिला. मुलीला आपल्या मनात काय चाललंय हे स्वतःला सांगता आलं, मुलाला चिठ्ठीत काय लिहावं हे सुचलं. हे छोटं काम नव्हे. पण गाण्यानं भाषा दिली, तिचा वापर करणाऱ्याला संरक्षण दिलं नाही. 2014 मध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्डा इथं एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. सवर्ण मुलीशी त्याचं प्रेम असल्याच्या संशयावरून तो झाल्याचा आरोप होता. प्रेमाची सगळी गाणी आपल्या गावांत वाजून गेल्यानंतरचं हे वर्ष आहे, हे विसरता कामा नये.

गाता येणारं गाणं आणि जात पाहणारी कथा एकत्र येऊ शकतात हे मराठीनंच दाखवलं. 29 एप्रिल 2016 रोजी आलेल्या नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'मध्ये अजय-अतुल यांची फक्त चार गाणी होती. त्यांतल्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसमध्ये झालं, तरी चाली वरातीतल्या माणसाच्या पायात आणि गळ्यात पहिल्याच दिवशी शिरल्या. त्या गाण्यांवर नाचणारा प्रेक्षक चित्रपटाच्या शेवटी सुन्न होऊन बाहेर पडला. गाण्यानं त्याला प्रेमिकांच्या बाजूनं ओढून घेतलं होतं, म्हणूनच त्यांचा अंत त्याला बघवेना. दोन वर्षांनी, 20 जुलै 2018 रोजी, 'धडक' आला. संगीतकार तेच, काही चालीही त्याच, पण कथा उदयपूरच्या राजकारणी घराण्यात गेली आणि जातीचा प्रश्न तिच्यात पुसट झाला. चाली ऐकायला तितक्याच सुरेल राहिल्या आणि तरी त्यांचा घाव बसला नाही. गीतसंचाचं बळ सुरांइतकंच तो कोणत्या जमिनीवर उभा आहे त्यात असतं, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा मिळणार नाही.

रामलक्ष्मण यांच्या यशाची आणखी एक किंमत आपण मोजली आणि तिची चर्चा होत नाही. 5 ऑगस्ट 1994 रोजी 'हम आपके हैं कौन' आला. चौदा गाणी, माधुरी दीक्षित, रेणुका शहाणे, पुन्हा रीमा लागू आणि लक्ष्मीकांत बेर्डे. साखरपुड्यापासून डोहाळजेवणापर्यंत प्रत्येक प्रसंगाला या संचात एक तयार गाणं होतं. एका मराठी संगीतकाराची ही गाणी मराठी लग्नांत घुसली आणि तिथल्या जुन्या गाण्यांना त्यांनी बाजूला सारलं. हळदीच्या ओव्या, विहीणबाईला टोमणे देणारी गाणी, रुखवताचे उखाणे यांची जागा आखडत गेली. आपल्याकडे वधूचा भाऊ नवऱ्याचा कान पिळत असे. आता नवऱ्याचे बूट पळवणं हाच मांडवातला मुख्य खेळ झाला आहे. सगळा दोष एका चित्रपटाचा नाही, पण तो बदल पसरवण्यात या गाण्यांचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. जे गाणं सहज गळ्यात बसतं, तेच गाणं आधीचं गाणं सहज उठवूही शकतं. गाता येणाऱ्या गाण्याची ताकद मान्य करायची तर ही जबाबदारीही त्याच्यावर टाकली पाहिजे.

आजची स्थिती या सगळ्याहून वेगळी आहे. 1990 मध्ये 'आशिकी' आला तेव्हा त्याला नदीम-श्रवण या एका जोडीचं संगीत होतं. 2013 मधल्या 'आशिकी 2'ची गाणी मिथून, जीत गांगुली आणि अंकित तिवारी यांच्यात वाटलेली होती. आता ही वाटणी नित्याची झाली आहे. प्रत्येक गाणं सुटं, मोबाइलवर सुटं ऐकलं जाणारं, पहिल्या काही क्षणांत पकड घेण्याच्या चिंतेनं घडवलेलं. मोबाइलनं पेडगावच्या माणसाला जगातलं कुठलंही गाणं दिलं, ही समृद्धी मी नाकारत नाही. पण ऐकणं कानात घातलेल्या यंत्रापुरतं झालं आणि गाणं मात्र डीजेच्या भिंतीकडे गेलं. त्या भिंतीसमोर माणूस नाचू शकतो, गाऊ शकत नाही, कारण त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही. बँडमधला क्लॅरिनेट वाजवणारा कारागीर त्या आवाजात बेकार झाला. जात्यानंतर जो गळा रिकामा झाला होता आणि कॅसेटनं काही वर्षं तरी भरला होता, तो पुन्हा रिकामा होतो आहे.

हे केवळ हळहळ म्हणून मी मांडत नाही. यातून करता येण्याजोग्या गोष्टी आहेत. आपल्या समीक्षेनं गाण्याच्या परीक्षणात ते गाण्याजोगं आहे का, हा प्रश्न मुद्दाम विचारावा आणि त्याचं उत्तर चालीची चिरफाड करून द्यावं. रामलक्ष्मण यांनी कमी स्वरांत काय साधलं, मुखडा आणि अंतरा कसा जोडला, दादा कोंडक्यांच्या चित्रपटांतला ठेका हिंदीत नेताना कुठं बदलला, हे विद्यापीठांच्या संगीत विभागांत अभ्यासाचे विषय झाले पाहिजेत. कॅसेटच्या काळात गाणी ऐकलेली, विकलेली, भरून दिलेली, बँडवर बसवलेली माणसं मराठवाड्याच्या गावागावांत अजून हयात आहेत. ओव्या जमवणाऱ्यांनी ज्या चिकाटीनं काम केलं त्याच चिकाटीनं या माणसांच्या आठवणी आज नोंदवायला हव्यात, कारण आणखी वीस वर्षांनी त्या मिळणार नाहीत. गणेशोत्सवात गाणी लावणाऱ्या मंडळांनी गाण्याआधी संगीतकाराचं नाव सांगण्याची प्रथा पाडली तर तिला एक पैसाही लागत नाही. आणि शाळांनी स्नेहसंमेलनात ध्वनिमुद्रित गाण्यावर मुलांना नुसतं नाचवण्याऐवजी निदान एक तरी गाणं त्यांच्या स्वतःच्या आवाजात गाऊन घ्यावं.

शेवटी प्रश्न गाणं रचणाऱ्यांचा आहे. प्रेमपट येतच राहतील, त्यांची गाणीही येतील. ती रचणाऱ्यांनी समोर कोणता माणूस धरायचा हे ठरवावं. त्यांनी पेडगावच्या माणसाला मोजणीतला एक श्रोता मानलं तर त्याच्यापर्यंत आवाज पोचवणं पुरेसं आहे. त्याला गाणारा माणूस मानलं तर त्याच्या श्वासाला झेपेल अशी चाल बांधावी लागेल, त्याच्या गावात प्रेम करणाऱ्यावर काय गुदरतं हे माहीत करून घ्यावं लागेल, आणि त्याच्याकडे आधीपासून असलेल्या गाण्यांचा आदर ठेवावा लागेल. विजय पाटलांनी यातली पहिली अट उत्तम पाळली, दुसरीकडे त्यांच्या चित्रपटांनी पाठ फिरवली, आणि तिसरीत त्यांचं यशच आड आलं. तिन्ही अटी एकत्र पाळणारा गीतसंच ही मराठी संगीतकारांच्या आवाक्यातली गोष्ट आहे, कारण त्यांच्या मागे जनाबाईची ओवी, गोंधळाचं पालुपद आणि भीमगीताची हाक या तिन्ही गोष्टी उभ्या आहेत. अशा गीतसंचाची मागणी आपण श्रोत्यांनी आता मोठ्यानं केली पाहिजे.